दोन माणसांचं काम

काच एकट्याने नेता येत नाही. खिडकीची लहानसहान काच काखेत मारून कुणीही नेईल, त्याला मी काम म्हणत नाही. दुकानाच्या दर्शनी भागाला लागते ती, दारापेक्षा उंच आणि पलंगापेक्षा रुंद, तिला दोन माणसं लागतात आणि ती एकमेकांच्या सवयीची असावी लागतात. आमची जोडी तशी होती. तो लांब्या, मी बुटक्या. ही नावं कुणी ठेवली ते आठवत नाही, पण आमच्याकडे बघून कुणाला दुसरी सुचलीही नसती.

जिना चढताना लांब्या खाली, मी वर. उंच माणूस खाली असला की काच कलत नाही. एक जण काचेच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला. मी पाठमोरा, टाचेने पायरी चाचपत चढायचो आणि लांब्याचं लांबोळकं तोंड मला काचेतून दिसत राहायचं. बायको असती तर तिचं तोंडसुद्धा मी इतकं बघितलं नसतं. लग्न माझं झालंच नाही. त्याचं झालं होतं, पण ती कंटाळून माहेरी गेली ती गेलीच. कंटाळली असेल तर तिला दोष नाही, लांब्या दिवसभरात चार वाक्यं बोलला तर खूप.

कामात बोलायची गरजच नसे. उचल, जपून आणि टेकव, एवढ्यात भागायचं. टेकव म्हटलं की जिथे असू तिथे काच खाली ठेवायची. का, असं विचारायचं नाही. समोरच्याचा हात घसरत असेल, डोळ्यात घाम गेला असेल, पोटात कळ आली असेल, ते नंतर कळेल. विचारण्यात जो वेळ जातो त्यात काच जाते. आणि ज्याने टेकव म्हटलं त्यानेच उचल म्हणायचं. तोवर दुसऱ्याने गप उभं राहायचं, घड्याळाकडे बघायचं नाही, घसा खाकरायचा नाही. इतक्या वर्षांत हा कायदा आमच्यापैकी कुणी मोडला नाही.

मग एका सकाळी सिग्नल हिरवा होता, आमची व्हॅन चौकात होती, आणि आडव्या रस्त्यावरून एक मोटार थेट माझ्या बाजूच्या दारात घुसली. गाडी लांब्या चालवत होता. त्याला ओरखडासुद्धा नाही. माझी मांडी मोडली, खुबा मोडला, डावा खांदा निखळला. मागच्या काचेचा पार चुरा झाला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा काचेचं विचारलं म्हणे. नर्सला वाटलं डोक्याला मार लागलाय.

चूक मोटारवाल्याची निघाली आणि विमा कचेरीने माझी सोय लावली. काम करता येत नाही तोवर दर आठवड्याला उत्पन्नाचा आधार म्हणून पैसे, बुडालेल्या कमाईच्या बदल्यात. पैसे वेळेवर येतात, खोटं कशाला बोलू. मेहुणे म्हणाले, "नशीबवान आहेस लेका, बसल्या जागी पगार." त्यांना म्हणणार होतो, या, बसा माझ्या जागी, खुर्ची गरम आहे. पण ताईचा नवरा पडला.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यातून आलो तेव्हा लांब्यानेच मला वर आणलं, जवळजवळ उचलून. त्यानंतर तो रोज यायचा. खुर्चीत बसून जमिनीकडे बघायचा, चहा प्यायचा, जायचा. माझ्या पायाकडे मात्र बघायचा नाही. त्याला काय खातंय ते मला दिसत होतं. म्हणून एकदा मी जरा जास्तच रंगवून सांगितलं.

"राजा झालोय मी," म्हटलं. "पाय वर करून टीव्ही बघायचा आणि वर पैसे घ्यायचे. तू मर उन्हात. मला आधी ठाऊक असतं तर मीच त्या मोटारीसमोर गेलो असतो."

लांब्या हसला नाही. "मजेत आहेस म्हणजे."

"एकदम."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो काचेचं काम विसरा. चालता आलं तरी खूप."

त्याने कप खाली ठेवला. कानाला हात लावला, तो विचार करताना लावतो तसा. "मग मला कुणीतरी बघायला लागेल."

"बघ की. तुला काय माणसांचा तोटा आहे?"

हे मी कसं बोललो ते माझं मला माहीत. त्याला मोकळं वाटावं एवढंच मनात होतं. तो नाही म्हणेल असंही मनात होतं. तो म्हणाला, "बरं," आणि जिना उतरून गेला. पुन्हा आला नाही.

पहिला आठवडा मी म्हटलं, कामात असेल. दुसऱ्या आठवड्यात माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्यात राग गेला आणि जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. घर खायला उठायचं. सकाळी चहा करताना सवयीने दोन कप काढायचो आणि एक परत फडताळात ठेवायचो. समोरच्या इमारतीच्या खिडक्या मला तोंडपाठ झाल्या. वरून दुसऱ्या रांगेत एक काच पुट्टी न भरता नुसती खिळ्यांवर बसवली आहे, वारा आला की थडथडते. कुणा गाढवाचं काम आहे ते सांगायलाही कुणी नव्हतं.

बोलायला एकच माणूस होतं, विमा कचेरीतल्या बाई. ठरलेल्या दिवशी त्यांचा फोन यायचा. किती वेळ उभं राहता येतं, जिना चढता येतो का, रात्री झोप लागते का, वजन किती उचलता येतं. मी उत्तरं आदल्या दिवशीच जुळवून ठेवायचो, पदरचा एखादा विनोद घालून. एकदा म्हटलं, "वजन? बाई, काल मी अख्खा कप उचलला, चहासकट." त्या हसल्या, खरंच हसल्या, आणि मी तो दिवस त्या हसण्यावर काढला. शेवटी त्या नेहमी विचारायच्या, "आणखी काही सांगायचंय?" मी म्हणायचो, "नाही, बाकी मजेत." मग बाईंच्या जागी फोनवर एक साहेब यायला लागले. ते प्रश्न वाचून दाखवत आणि उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न वाचत. त्यांच्यावर विनोद वाया घालवायचं मी सोडून दिलं.

मध्ये एकदा मानापमान बाजूला ठेवून मी स्वतःच लांब्याला फोन लावला. त्याने उचलला. मागे केवढा तरी खडखडाट चालला होता, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा.

"कामावर आहे," तो म्हणाला. "नंतर करतो."

"मोठं काम दिसतंय."

"हो."

"जोडीदार मिळाला वाटतं?"

खडखडाट वाढला. "नंतर करतो," तो पुन्हा म्हणाला, आणि केला नाही.

मी त्या आवाजावर दिवसचे दिवस काढले. चौकटी उतरवत असतील, नव्या इमारतीच्या. मजल्यावर मजले. म्हणजे चांगला जोडीदार मिळालाय, उंच असेल, दोघं सारखे उंच, बघायला छान. माझ्या जागी कुणीतरी पाठमोरा जिना चढतोय आणि लांब्याचं तोंड आता त्याला दिसतंय. सांगायला लाज वाटते, पण मला त्या न बघितलेल्या माणसाचा हेवा वाटायचा. हात निसटून आपटावा साला, असंही एकदा मनात आलं. मग काचेचा विचार आला आणि म्हटलं, नको, काचेचा काय दोष.

कुबड्या सुटून काठी आली तेव्हा ताई मला बाहेर काढायला आली. ताई माझ्यापेक्षा मोठी आणि आवाजाने त्याहून मोठी.

"तोंड बघितलंस आरशात? पांढराफटक पडलायस. चल, मोठ्या दुकानात जाऊ, तुला चार शर्ट घेऊ."

"मला शर्ट कशाला? कोण बघणारे?"

"मी बघतेय ना, म्हणून."

जिना उतरायला इतका वेळ लागला की ताईने दोनदा घड्याळ बघितलं. गाडीत मी पुढे बसलो नाही. तिने मागचं दार उघडून दिलं. चौक आला की माझे डोळे आपोआप मिटायचे.

ते दुकान म्हणजे आतून मैदान. ताई म्हणाली, तुझ्याने फिरणं होणार नाही, इथे बस. पुढच्या काचेलगत बाक होता. मी बाकावर बसलो ते काचेसाठी. जमिनीपासून छतापर्यंतच्या त्या काचा मी आणि लांब्याने बसवल्या होत्या. मॅनेजर तेव्हा आमच्यामागे मांजरासारखा फिरत होता, फुटणार तर नाही, फुटणार तर नाही करत. मी बोटाच्या पेराने काचेवर ठोकलं. भरीव आवाज आला. कुठेही सैल नाही. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

बाहेर गाड्या उभ्या करायची जागा होती. लोक सामान गाडीत भरून ट्रॉल्या वाटेल तिथे सोडून जात होते आणि पिवळं जाकीट घातलेला एक माणूस त्या गोळा करत होता. एकात एक खुपसून लांबच लांब रांग करायची आणि वाकून ढकलत आणायची. रांग हलली की खडखडाट व्हायचा, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा.

आवाज मी आधी ओळखला, माणूस नंतर.

जाकीट त्याला आखूड होतं, हात मनगटापर्यंत बाहेर. रांग ढकलत तो काचेसमोर आला, घाम पुसायला थांबला आणि वर बघितलं. मधे काच, पलीकडे ते लांबोळकं तोंड. पूर्वी हजारदा बघितलं तसंच, फक्त म्हातारं झालेलं. इतक्या थोड्या दिवसांत एवढं म्हातारं व्हायला नको होतं.

त्याने मान फिरवली. ओळख नाही असं दाखवून ट्रॉल्यांना हात घातला. मी काचेवर ठोकलं. तो बघेना. मी पुन्हा ठोकलं, इतक्या जोरात की आतले लोक माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा त्याने बघितलं. काचेतून बोलणं कळत नाही, पण माझे ओठ त्याला वाचता येतात, ते आमचं रोजचंच होतं. मी म्हटलं, "ये." त्याने नाही अशी मान हलवली आणि जाकिटाकडे बोट दाखवलं. कामावर आहे.

मग मीच उठलो. काठी टेकत दाराकडे निघालो. आता माझं चालणं कसं आहे ते मला ठाऊक आहे. एक पाय पुढे जातो आणि दुसऱ्याला ओढून आणावं लागतं, आणि प्रत्येक वेळी खांदा खाली जातो. लांब्याने ते पहिल्यांदा बघितलं. मी दारापर्यंत पोचायच्या आत ट्रॉल्या तशाच रस्त्यात टाकून तो आत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. हात पुढे केले, पण मला लावले नाहीत.

"मजेत आहेस म्हणालास," तो म्हणाला.

"आणि तू मोठ्या कामावर होतास."

आम्ही बाकावर बसलो. त्याला थोड्याच वेळाची मोकळीक होती. तो हाताच्या तळव्यांकडे बघत राहिला. तळव्यांचे घट्टे बदलले होते.

"जोडीदार?" मी विचारलं.

"केला एक. दुपारपर्यंत टिकलं."

"पळाला?"

"तो चांगला होता. जिन्यात मी टेकव म्हटलं. तो म्हणाला, का, काय झालं?"

"फुटली?"

"नाही. टेकवली. पण मग मला उचल म्हणताच येईना. काचेला हात लावला की ती मोटार दिसायची. तुझ्या दारात शिरतानाची. तो बिचारा उभा. शेवटी त्याने दुसऱ्या कुणाला तरी बोलावून नेली वर. मी तिथूनच घरी आलो. नंतर व्हॅन विकली."

लांब्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मध्ये थांबून थांबून तो बोलत होता, बाहेरच्या ट्रॉल्यांकडे बघत.

"कचेरीत जायचंस," मी म्हटलं. "माझ्यासारखा आधार तुलाही..."

"गेलो होतो. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय लागलंय?"

"मग?"

"मी म्हटलं, काही नाही."

मला रडू आलं. शर्टांच्या पिशव्या घेतलेल्या बायका आजूबाजूने जात होत्या आणि मी बसून रडत होतो. लांब्या कान चोळत राहिला. दर आठवड्याला मला जिना चढता येतो का, झोप लागते का याची चौकशी होत होती. इथे या माणसाचा हात काचेला लागत नव्हता आणि त्याला एका शब्दाने कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांचं सोडा, मी विचारलं नव्हतं. मी त्याच्या जोडीदाराच्या उंचीचा विचार करत बसलो होतो.

"आला का नाहीस?" मी नाक पुसत म्हटलं. "शिव्या द्यायला तरी यायचंस."

"तू मजेत होतास. आणि गाडी मी चालवत होतो."

"सिग्नल हिरवा होता."

"हो," लांब्या म्हणाला. "पण मी चालवत होतो."

तेवढ्यात ताई चार शर्ट घेऊन आली. लांब्याला बघून आधी तिचं तोंड उघडं राहिलं, मग चालू झालं. कुठे उलथला होतास, हा इथे भिंतींशी बोलतोय, एक फोन करता येत नाही का, हाडं राहिलीत नुसती, जेवतोस की नाही. लांब्याने सगळं मान खाली घालून ऐकलं. तिच्या रागावण्याने त्याला बरं वाटत असावं, कारण त्याचे खांदे जरा सैल झाले. शेवटी तिने विचारलं, "सुटतोस कधी?"

"आता तासाभरात."

"थांबतो आम्ही. याला वर तू चढव. माझी कंबर गेली सकाळी."

ताईने आम्हाला इमारतीच्या दाराशी सोडलं आणि ती गेली. संध्याकाळ व्हायला आली होती. जिन्याच्या तोंडाशी लांब्या क्षणभर थांबला. इथून तो शेवटचा उतरला होता तेव्हापासून मी रोज या जिन्यावर पावलं ऐकत होतो. कधी खालच्या मजल्यावर थांबायची, कधी माझ्या मजल्यावरून वर जायची.

"मी पुढे?" मी विचारलं.

"चढताना मी खाली," तो म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी. चांगला पाय वर, मग दुसरा ओढून त्याच्या शेजारी. पाठमोरं चढणं आता शक्य नव्हतं, त्यामुळे लांब्या मला दिसत नव्हता. पण मागे त्याचा श्वास होता, माझ्या पावलाला पाऊल होतं. एका वळणावर मी मान वळवून बघितलं. दोन्ही हात पुढे धरून तो चढत होता, तळवे उघडे, काच धरतात तसे. मी थांबलो तरी त्याने ते खाली घेतले नाहीत.

दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्या संपता संपता माझा पाय भरून आला.

"टेकव," मी म्हटलं.

तो जागच्या जागी थांबला. का, असं विचारलं नाही. मी पायरीवर बसलो, तो दोन पायऱ्या खाली भिंतीला टेकून उभा राहिला आणि मग हळूच हात खाली घेतले. कुणाच्या तरी घरात नळ चालू होता. जिन्यातला दिवा कुणी लावला नव्हता, त्याचा चेहरा मला अर्धाच दिसत होता. तो घड्याळाकडे बघत नव्हता. घसाही खाकरत नव्हता.

पायातली कळ थोड्या वेळाने गेली. वर एकच मजला उरला होता. वर पोचलो की मी दार उघडणार, तो खुर्चीत बसणार, आज दुसरा कप फडताळात परत जाणार नाही. पण चहा झाला की तो उठणार, त्याला सकाळी लवकर ट्रॉल्यांवर जायचं होतं. मग पुन्हा ती खोली आणि समोरची थडथडणारी काच. तो उद्या येईल का, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं.

आमच्या कायद्याप्रमाणे उचल मलाच म्हणायचं होतं आणि मी म्हणेपर्यंत तो तिथून हलणार नव्हता. मी पाय चोळत राहिलो, दुखत नव्हता तरी, आणि पुष्कळ वेळ काहीच म्हणालो नाही.